रुखवत कोणाच्या हातचं

आमचं रुखवताचं दुकान होतं असं सांगितलं की आताच्या मुली विचारतात, त्याचंही दुकान असतं का? आता सगळ्याचंच असतं. मी सांगते तो काळ सत्तावन्न सालानंतरचा. तेव्हा पुसदमध्ये असं दुकान एकच होतं आणि ते आम्ही चालत्या स्थितीत विकत घेतलं होतं. लग्नात मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपुढे मांडायच्या शोभेच्या वस्तू तिथे मिळत, दुसरं काही नाही. मण्यांचे पोपट, वेलदोड्यांचे हत्ती, कापसाचे ससे, सुपारीचे नवरानवरी, खसखस चिकटवून केलेली कमळं. खरं तर घरातल्या बायांनी महिना-दोन महिने खपून हे करायची रीत. ज्यांच्या घरी करणारं कोणी नसे, किंवा बाया होत्या पण हातात कला नव्हती, ते दुकानात येत आणि मांडवात खुशाल घरचं म्हणून सांगत.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मला ह्यातलं काहीही येत नव्हतं. मी अमरावतीची, मॅट्रिक झालेली, आणि त्या मॅट्रिकचा मला भारी माज होता. सुई हातात घेतली की दोरा गुंतायचा, मी चिडायचे आणि सुई फेकून वाचत बसायचे. हे कापसाच्या जिनात कारकून होते. जिन वर्षातले काही महिने चालायचं आणि उरलेले महिने घरात यांचा स्वभाव चालायचा. त्यामुळे जुने मालक मुलाकडे नागपूरला जायला निघाले आणि दुकान द्यायचं आहे असं कळलं, तेव्हा मीच यांच्या मागे लागले. घरात बसून राहण्यापेक्षा हे बरं, एवढाच माझा विचार होता.

जुनं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पाटी नव्हती. ओटा, मग बाहेरची खोली, खोलीत दोन काचेची कपाटं, आणि त्यांच्यामध्ये आत जाणारं एक दार. गिऱ्हाईक आलं की मालक ऐकून घेत, उठून आत जात, दार लोटून घेत आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगत, "होऊन जाईन. पंधरा दिवसानं या." कोण करतं असं कोणी विचारलंच तर म्हणत, घरातल्या बाया. आम्ही सौदा ठरवायला गेलो तेव्हा त्यांनी हात फिरवून दाखवलं. "माल, कपाटं, गिऱ्हाईक, करनारी, सारं आता तुमचं." मी विचारलं, करणाऱ्या किती जणी आहेत? त्यांनी दार उघडलं. आत एकच बाई बसली होती.

ती त्यांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. चाळिशीच्या आतबाहेरची असेल. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि त्या हातांत सुपारीएवढ्या नवरीचं बोटभर लुगडं. लग्नाच्या कामाला विधवेचा हात लागू नये, हे तेव्हा सगळेच धरून चालत. म्हणून ते दार होतं. गल्लीत कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. शेजारणींना माहीत होतं, मण्यांच्या दुकानदाराला माहीत होतं. पण मध्ये भिंत होती तोवर सगळ्यांना न कळल्यासारखं करता येत होतं, आणि लोक ते आनंदाने करत.

आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. मावशींना मी विचारलं, आमच्याकडे काम करायला चालेल ना?

"मले काय, कामाशी काम," त्या म्हणाल्या. "माही एकच गोष्ट हाय बाई. पोरीच्या लग्नात रुखवत माह्या हातचं मांडीन. तेवढं कोनी अडवू नोका."

पोरगी एकुलती, बारा-तेरा वर्षांची, शाळेत जाणारी. मावशी तिच्यासाठी तेव्हापासूनच करत होत्या. दुकानचं काम आटोपलं की दिवे लागेपर्यंतचा वेळ पोरीच्या रुखवताचा. इतर सगळ्यांसाठी केलेलं दुसऱ्यांच्या नावाने मांडलं जातं, हे त्यांनी सोसलं होतं. हे एक मात्र त्यांना स्वतःचं म्हणून मांडायचं होतं. मला ते अगदी सहज पटलं. यात अडवायचं काय, मी म्हटलं. किती सोपं वाटलं होतं मला.

घर मालकांनी दुसऱ्याला विकलं, म्हणून दुकान हलवणं भागच होतं. यांनी मोटार स्टँडसमोर एक खोली भाड्याने घेतली. फुलसावंगी, महागाव, उमरखेड, सगळीकडच्या मोटारी तिथे थांबत आणि माणसं उतरली की पहिल्यांदा आमचंच दुकान दिसणार, हा यांचा हिशेब. यांनी जिनातून दोन पोती सरकी आणली आणि आम्ही तिघांनी तीन दिवस बसून एकेक पोपट, एकेक हत्ती सरकीत पुरला. बंडी सावकाश हाकायला सांगितली. तरी सुपाऱ्यांची एक वरात अशी होती की ती मावशी बंडीत ठेवूच देईनात. वाजंत्री, घोडा, करवल्या, सगळं एका पाटावर चिकटवलेलं. त्यांनी तो पाट दोन्ही हातांत धरला, वर पदर घातला आणि बंडीमागून चालू लागल्या. भर दुपारी बाजारातून मावशी किती वर्षांनी चालल्या असतील कोण जाणे. त्या कडेकडेने चालत होत्या आणि मी त्यांना म्हणत होते, मधून चला हो, कोण खातंय तुम्हाला.

मावशींनी जुन्या दुकानाच्याच गल्लीत पलीकडे एक खोली घेतली. पोरगी आणि त्या.

नवीन दुकान म्हणजे एकच मोठी खोली. पुढे काचा, मागे नुसती भिंत. आतलं दार नाही, आत काही नाहीच. पहिल्या दिवशी मावशी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"म्या कुठी बसू?"

मी काचेजवळ सतरंजी घातली होती. तिथे उजेड चांगला होता. शिवाय माझ्या डोक्यात एक कल्पना होती आणि ती माझीच होती, यांच्यावर ढकलणार नाही. माणसं मोटारीची वाट पाहत ताटकळत असतात, त्यांना वस्तू होताना दिसू दे. पाहतील, थांबतील, आत येतील. आणि दुसरं म्हणजे, ही बाई आयुष्यभर दाराआड का बसावी? मॅट्रिक झालेली बाई हे चालू देणार नाही, असं मी मनाशी फार जोरात म्हटलं होतं.

"मले मागं बसू द्या ना बाई. एक पडदा लावून देजा."

"पडदा कशाला? चोरी केली आहे का तुम्ही?"

"चोरी नाई. पन लोकायले दिसते."

"दिसू दे की."

"तुमाले नाई समजत," त्या हळूच म्हणाल्या.

मला समजत नाही असं कोणी म्हटलेलं मला तेव्हा खपत नसे. हे मधे म्हणाले, "अगं, त्या म्हणतात तर..." आणि माझ्याकडे पाहून कपाटाची काच पुसायला लागले. मी मावशींना चांगलं व्याख्यान दिलं. जग बदललं, बायका शिकतात, नोकऱ्या करतात, लपून काम करायचे दिवस गेले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग "तुमी मालकीन," एवढं म्हणून सतरंजीवर बसल्या. मला तो माझा विजय वाटला.

दहा-बारा दिवस तो विजय टिकलाही. माणसं खरंच थांबायची. मोटारीतून उतरलेल्या बाया काचेला नाक लावून पाहायच्या. मावशी वेलदोड्याला वेलदोडा चिकटवून हत्तीची सोंड वळवत, आणि बाहेर कोणीतरी म्हणे, पाह्यजा पाह्यजा. आधी त्या मान वर करत नसत. मग करू लागल्या. एकदा एका तांड्यावरच्या बाईने आपल्या बाहीवरची आरशांचं भरतकाम केलेली पट्टी काचेला लावून दाखवली, म्हणजे बघ, मलाही येतं. तेव्हा मावशी चक्क हसल्या. मी यांना म्हटलं, पाहिलंत?

मग फुलसावंगीकडच्या एक बाई आल्या. मोठं शेतकरी घर, बरोबर दोघी जावा. धाकट्या मुलीचं रुखवत न्यायला आल्या होत्या. मोठीचं चार वर्षांपूर्वी जुन्या दुकानातूनच नेलं होतं, म्हणून आमच्यावर भरवसा. मी एकेक वस्तू काढून मांडत होते. त्या बघत होत्या, मान डोलवत होत्या. मग त्यांची नजर काचेकडे गेली.

"हे कोन बसलं जी?"

आता मी गप्प बसायला हवं होतं. काहीही सांगायचं, शेजारीण आहे म्हणायचं. पण मला तर सांगायचंच होतं. मी उत्साहाने म्हटलं, "ह्या आमच्या मावशी. हे सगळं ह्यांच्या हातचं. तुमच्या मोठ्या मुलीचं रुखवतसुद्धा ह्यांनीच केलं होतं."

त्या बाई मावशींच्या कपाळाकडे पाहत राहिल्या. मग बाकावर बसल्या.

"मोठीचं बी?"

"हो तर."

मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तरीच."

ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. हातातला मण्यांचा पोपट जपून खाली ठेवला, जावांना खूण केली आणि तिघी उठून गेल्या. रुखवत तसंच मांडलेलं राहिलं. मावशींच्या हातात दोरा होता. त्यांनी तो ओढून गाठ मारली, दाताने तोडला आणि पुढचा मणी घेतला नाही.

"काय झालं होतं त्यांच्या मोठीला?" मी विचारलं.

"लेकरू गेलं तिचं. पह्यलंच होतं."

मावशींना माहीत होतं. ज्यांच्या ज्यांच्यासाठी त्यांनी केलं, त्या प्रत्येक मुलीचं पुढे काय झालं हे त्या विचारून ठेवत, हे मला तेव्हा कळलं. कोणाला मुलगा झाला, कोणाला सासूने हाकललं. मी म्हटलं, अहो, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? मावशी म्हणाल्या, "नाई, नाईच." पण माझ्याकडे पाहून म्हणाल्या नाहीत. तो "तरीच" त्यांच्या आत जाऊन बसला होता. मी तो आत नेऊन बसवला होता, त्या बाईने नाही. असं मला आजही वाटतं आणि कोणी समजूत घातली तरी ते जात नाही.

मोटारी जशी गिऱ्हाइकं आणत तशीच बातमीही नेत. पंधरा दिवसांत गावोगाव झालं की स्टँडसमोरच्या दुकानात रांडमुंड बाई लग्नाचं सामान करते. शब्द कडू आहे, पण हाच वापरत. दिलेल्या ऑर्डरी लोक नेईनात. काचेशी आता बाया थांबत, पण वेगळ्या कारणाने थांबत.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जड जातं. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी मावशींपुढे बसले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, दुकानात बसताना तेवढी एक टिकली लावत जा. दोन हिरव्या बांगड्या. बाहेरगावच्यांना काय माहीत? घरी गेल्यावर काढून ठेवा.

मावशींनी काम थांबवलं. रागावल्या नाहीत. "इतकं नोका सांगू बाई," त्या म्हणाल्या. मग सतरंजीवरचे मणी गोळा केले, डबीत भरले, उठल्या आणि गल्लीत आपल्या खोलीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हे त्यांच्याकडे गेले. बाप्याला जे दोन वाक्यांत जमतं ते मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं. यांनी सांगितलं, तुम्ही घरी बसून करा, माल मी नेईन, दुकानात कोणाला काही बोलायची गरज नाही. त्या हो म्हणाल्या.

आणि काचेजवळच्या सतरंजीवर मी बसले. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर चुडा, मांडीवर मावशींनी अर्धवट करून दिलेली वस्तू आणि हातात सुई. दोरा ओवायचा, काढायचा, परत ओवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला कळत नसे. कोणी विचारलं, बाई, तुमीच करता का हे सारं? की मी मान हलवायची. पुढच्या हंगामापर्यंत "हो, मीच" असं तोंडाने म्हणायला लागले. सवय लागते. मावशींनी मला खरंच शिकवायचा प्रयत्न केला, बिचारीने चार-पाच सुपाऱ्या वाया घालवल्या. माझ्या हाताने सुपारी उभी चिरायची. पण कौतुक मात्र मी सगळं घेतलं. बाईच्या हातात कला आहे असं लोक म्हणत आणि मला ते आवडू लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे मी मावशींना सूचना करायला लागले. हा रंग नको, तो घ्या. कमळ जरा मोठं पाहिजे होतं. त्या ऐकून घेत.

दुकान पुन्हा चाललं. पहिल्यापेक्षा जास्त चाललं.

मधे एकदा जवळच्या गावचे एक मास्तर आले. त्यांच्या घराने नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. बहिणीचं लग्न होतं. मांडायला गणपती नको, नारळ नको, पांढरी कमळं आणि पिंपळाची पानं करून द्याल का म्हणाले. मी नेहमीप्रमाणे, हो, करते की, म्हटलं. ते थोडं थांबून म्हणाले, "मी ऐकलं ते खरं आहे का? आधी एक बाई इथं बसत होत्या, त्यांना तुम्ही घरी बसवलं." ते म्हणाले, "आमच्यात आता तसलं काही धरत नाही. त्यांच्याच हातचं द्या. आणि त्यांना भेटता आलं तर बरं होईल."

यांनी त्यांना बसायला बाक दिला, पण पाणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तेही इथे लिहून ठेवते. मी त्यांना गल्लीत घेऊन गेले. मावशींनी पाणी दिलं. त्या कमळांना त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढा कशालाच घेतला नव्हता, कापसाची एकेक पाकळी तांदळाच्या पेजेत बुडवून, सावलीत वाळवून. लग्न झाल्यावर मास्तर पुन्हा येऊन त्यांना सांगून गेले. मावशी मला म्हणाल्या, "माहं नाव घेतलं म्हने मांडवात. सांगतलं सगळ्यायले, हे अमक्या बाईनं केलं." त्यांचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कोणाचा ते त्यावेळी कळलं नाही.

साठ साल गेलं, एकसष्ट गेलं. पोरगी अठरा वर्षांची झाली. सावळी, शांत, मावशींसारखी लांब बोटांची. स्थळ कळंबचं आलं. चांगलं घर होतं, मागणं फारसं नव्हतं. फक्त मुलाची आई म्हणाली, आमच्या भाचीच्या लग्नात त्या स्टँडसमोरच्या दुकानाचं रुखवत होतं, तसलं असलं तर शोभा येईल. निरोप आणणाऱ्याने हसत हसत सांगितलं. मावशींचं काम त्या घराला आधीच आवडलं होतं, आणि मावशी त्यांच्याच विहीणबाई होणार होत्या. इतकं जुळून आलेलं काही मी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मावशी दुकानात आल्या. चार-पाच वर्षांत त्या पायरी चढल्या नव्हत्या. त्या दिवशीही खालीच उभ्या राहिल्या, मीच उठून बाहेर गेले.

"बाई, मांडवात तुमी येजा. रुखवताजोळ उभ्या राह्यजा."

"येणारच की."

"कोनी पुसलं तर तुमच्या हातचं म्हनजा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. म्हटलं, मावशी, हे एक तरी तुमच्या नावानं होऊ दे. पोरीचं आहे. मी सांगते मांडवात सगळ्यांना. त्या मास्तरांनी नाही का सांगितलं? मी खरं बोलेन.

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एकडाव समोर बसवून पाह्यलं ना मले. उद्या माह्या पोरीले काई झालं, साधा ताप आला, आन् तिच्या सासूच्या तोंडून निंघालं, तरीच. मंग म्या काय करू? तुमी काय करसान?"

मी म्हटलं, मग आपण दुसऱ्या कोणाचं आणू, कापडाच्या चार वस्तू मांडू. त्या ते ऐकायला तयार नव्हत्या. मांडायचं तर त्यांच्याच हातचं. फक्त कोणाला कळता कामा नये. इतकी वर्षं जी एक गोष्ट मागितली होती, तिचा अर्धा भाग त्यांनी स्वतःच कापून टाकला होता आणि उरलेला अर्धा घट्ट धरून ठेवला होता. मी हो म्हटलं. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले आणि यांनी कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

लग्न उन्हाळ्यात झालं. गल्लीत मांडव पडला. कन्यादानाला जुने मालक नागपूरहून आले, काठी टेकत. ओट्याच्या एका अंगाला पाट-चौरंग मांडून त्यावर रुखवत ठेवलं. मी दुकानात बसून शेकडो वस्तू पाहिल्या होत्या, पण हे काही वेगळंच होतं. पाच-सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही ह्यातलं काही दाखवलं नव्हतं ते का, हे कळलं. मधोमध एक मोटेची विहीर होती. वेलदोड्यांचं बांधकाम, तळाला आरशाच्या तुकड्याचं पाणी, खारकेच्या सालीची मोट, वर सुपारीच्या चकतीचं चाक, सुपारीचे दोन बैल. बैल मागे सारले की मोट खाली जायची, पुढे ओढले की वर यायची आणि पाणी ओतायच्या थाळण्यात कलंडायची. पोरं तिथून हलत नव्हती.

मावशी मांडवात नव्हत्या. मागच्या अंगाला, भातासाठी चूल मांडली होती तिथे बसल्या होत्या.

मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, आल्या. जाणकार बाई होत्या, भरभर पाहून पुढे जाणाऱ्यातल्या नव्हत्या. एकेक वस्तू हातात घेऊन पालथी करून बघत होत्या. विहिरीपाशी आल्या, बैल ओढले, मोट वर आली. परत ओढले.

"हे कोनी केलं?"

कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली.

"दोरी घसरत कशी नाई जी? एवढ्याशा चाकावरून?"

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, सरावाने जमतं असं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. पण मग हसल्या, हळदीकुंकू मागवलं आणि सगळ्यांसमोर माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. म्हणाल्या, माह्या सुनेच्या रुखवताले तुमचा हात लागला, भाग्याची बाई तुमी. पदर पसरून मी ते घेतलं. आजूबाजूला बाया होत्या, सनई चालली होती, आणि मला वाटत होतं की हा पदर इथेच टाकून पळून जावं.

मी पदर तसाच धरून मागे गेले. मावशी चुलीपुढे होत्या, भातात डाव घालत होत्या. मी म्हटलं, "ही तुमची आहे. तुम्ही घ्या."

त्यांनी ओटीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "काय पुसलं त्यायनं?"

"विहिरीबद्दल विचारलं. दोरी घसरत का नाही म्हणून."

"मंग? काय सांगतलं?"

"मला सांगता आलं नाही."

मावशींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. त्यांनी डाव खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं, मला जवळ बसवलं आणि दबल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या. सुपारी दोन दिवस पानी बदलत भिजू घालाची. मंग आडवी कापाची, उभी नाई. चकतीच्या काठाले तापल्या सुईनं खाच पाडाची, साऱ्या गोलाले. दोऱ्याले मेन लावाचं, दोनदा. आस बाभळीच्या काट्याचा, कोवळा नाई, वाळेल.

"म्हना आता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं. एका ठिकाणी चुकले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर आलं.

"जा. त्यायले सांगून या. आन् पदर नीट धरा, तांदूळ सांडून राह्यले. पोरीचं लगन हाय."

मी पदर वर उचलला आणि मांडवात गेले. विहीणबाई अजून तिथेच होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सुपारी, खाच, मेण, काटा, एकही शब्द न चुकता. त्या मन लावून ऐकत होत्या. शेवटी माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, असे हात सगळ्यायले नाई भेटत. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी लाजले.